बिनपगारी मेल-तपासनीस

लेखापरीक्षण खात्यात ज्याची हयात गेली त्याला दुसऱ्याच्या कागदातली खोट दुरूनही दिसते, अशी एक समजूत आहे, आणि केवळ त्या समजुतीच्या बळावर नागपूरच्या प्रतापनगरातल्या आमच्या वसाहतीने मला आपल्या समस्त ई-मेलांचा तपासनीस नेमून टाकले आहे. या नेमणुकीचा आदेश निघालेला नाही, मानधनाची तरतूद नाही, आणि राजीनामा द्यायचा तर तो कोणाच्या टेबलावर ठेवायचा हेही मला कळलेले नाही. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला फाटकाशी जावे, तर कोणीतरी मोबाईल माझ्या नाकाशी आणून धरतो. पडद्यावर ऊन पडलेले असते, माझा चष्मा घरात असतो, आणि मोबाईल हातात घेऊन नीट पाहावे म्हटले तर मालक तो सोडत नाही. बोट भलतीकडे लागून 'क्लिक होऊन जाईल' ही त्याची भीती. एवढ्या सामग्रीवर मी निकाल द्यायचा असतो, आणि तोही घरात दुधाची वाट पाहणारे माणूस हाक मारायच्या आत.

वसाहतीत या विषयातले दुसरे अधिकारी म्हणजे वरच्या मजल्यावरचे काका. ते वेकोलितून, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीतून, निवृत्त झाले आहेत आणि त्यांचा सिद्धान्त फार सुटसुटीत आहे : इंग्रजी चुकले की मेल खोटा. "स्पेलिंग पाहायचं न भाऊ, बाकी काही पाहायचंच नाही." या सिद्धान्तावर माझ्या दोन हरकती आहेत. त्या मी जिन्यात उभ्याउभ्या त्यांच्यापुढे मांडल्या आहेत; त्यांनी त्या अद्याप निकाली काढलेल्या नाहीत.

पहिली हरकत अशी. परदेशातल्या कोण्या मृत सेनाधिकाऱ्याचे कोट्यवधी डॉलर अडकून पडले आहेत आणि ते सोडवायला साऱ्या जगातून नेमके काकाच हवे आहेत, असला मजकूर इतका ढोबळ का असतो, या प्रश्नाचे उत्तर मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी 2012 साली एका निबंधात दिले. लाखो मेल पाठवायला ठकाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. त्याचा खरा वेळ जातो तो उत्तर देणाऱ्यांशी पुढे आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार करण्यात. अर्ध्या वाटेत शहाणा होणारा माणूस त्याला परवडत नाही. म्हणून गोष्टच इतकी बेंगरूळ रचायची की शंकेखोराने पहिल्या ओळीतच हसून बाजूला व्हावे आणि जो उरेल तो शेवटपर्यंत टिकावा. म्हणजे काका ज्या मजकुराला हसतात तो काकांना गाळण्यासाठीच तसा ठेवलेला असतो. हे ऐकून काकांना आपण वाचल्याचा आनंद झाला नाही. आपल्याला कोणीतरी न विचारता यादीतून वगळले, हेच त्यांच्या मनाला लागले.

जाता जाता एक नोंद. नायजेरियाच्या दंडसंहितेत या फसवणुकीचे कलम 419 आहे आणि असली पत्रे जगभर त्याच आकड्याने ओळखली जातात. आपले कलम 420 होते, म्हणजे आपण त्यांच्याहून एकाने पुढे होतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ठकबाजी कलम 318 मध्ये जाऊन बसली. आता आपण एकशे एकाने मागे आहोत.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. मेल लिहायला ठकांना आता यंत्रे मिळाली आहेत आणि यंत्रांचे शुद्धलेखन बिनचूक असते. 'आपल्या खात्याची पडताळणी प्रलंबित असल्याचे निदर्शनास आले असून विहित मुदतीत अनुपालन न केल्यास खाते गोठविण्यात येईल' हे वाक्य मी अलीकडे एका बनावट मेलात वाचले आणि क्षणभर मला वाटले की हे मीच कधीतरी लिहिलेले असावे. सबंध नोकरीत हाताखालच्या लोकांकडून असले निर्दोष वाक्य मला लिहून घेता आले नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तपासून मेलाची जात ठरवण्याचे दिवस गेले, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे. उलट एखाद्या सरकारी कचेरीच्या मेलात चार चुका सापडल्या, तर तो अस्सल असण्याचाच संभव मी अधिक धरतो.

काकांना एकदा रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचा मेल आला. पाठवणाऱ्याच्या जागी बँकेचे पूर्ण नाव होते, वर राजमुद्रा होती, आणि काकांच्या नावे पाच कोटी मंजूर झाल्याचे कळवून ते पाठवण्याच्या खर्चापोटी थोडी रक्कम आगाऊ मागितली होती. नागपूरच्या माणसाला हे तपासायला खरे तर संगणकाची गरज नाही. बर्डीहून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, निघाले की रिझर्व्ह बँकेची इमारत समोर येते; चौकाचे नाव संविधान चौक झाले तरी ऑटोवाले अजून 'रिझर्व्ह बँक' असेच ओरडतात. गव्हर्नरांना काकांना पाच कोटी द्यायचेच असते तर त्यांनी इथल्या कचेरीतून शिपाई धाडला असता. शिवाय ही बँकांची बँक. ती तुमच्या-आमच्यासारख्यांची खाती ठेवत नाही, आणि तिचा गव्हर्नर फुकटच्या जीमेलवरून पत्रव्यवहार करत नाही. पण काकांचा मुद्दा निराळा होता. "नाव तर त्याहीचंच लिहून आहे न?"

नाव लिहिलेले असते हे खरेच, आणि सगळी गोम तिथेच आहे. अंतर्देशीय पत्राच्या मागे 'पाठवणार' अशी जागा असायची. तिथे तुम्ही भारताच्या राष्ट्रपतींचे नाव लिहिले असते तरी पोस्टमनने पुरावा मागितला नसता. ई-मेलाचे तसेच आहे. मेल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसा जावा याचे नियम 1982 साली कागदावर आले तेव्हा जाळ्यावर मोजकी माणसे होती आणि ती एकमेकांवर विश्वास ठेवून होती. पाठवणारा खोटे नाव सांगेल, ही शक्यता कोणी मनावर घेतली नाही. आपण आता त्यांच्या सज्जनपणाची किंमत मोजत आहोत. म्हणून दिसणारे नाव सोडून द्यावे, त्या नावावर बोट दाबावे, आणि मागे लपलेला पत्ता बाहेर काढून तो वाचावा.

पत्ताही खोटा घालता येतो. त्यावर उपाय म्हणून पुढे एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क नावाच्या पडताळण्या निघाल्या, आणि दिवसाला 5,000 हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी 2024 पासून गुगल आणि याहू यांनी त्या सक्तीच्या केल्या. पण या पडताळणीने सिद्ध होते ते एवढेच, की मेल ज्या पत्त्यावरून आला असे म्हणतो तिथूनच तो आला आहे. तो पत्ताच चोराने रीतसर पैसे भरून घेतलेला असेल, तर त्याची पडताळणी उत्तम होते. लेखापरीक्षणातही हे नेहमी पाहिले आहे : ज्याचे सगळे व्हाउचर जागच्या जागी, त्याची फाईल आधी उघडावी.

आता पत्ता वाचायचा कसा, हा या साऱ्या शास्त्रातला कळीचा भाग आहे आणि तो आमच्या शेजारच्या वहिनींच्या निमित्ताने सांगतो. वहिनी शाळेत शिकवतात. आयकर विवरणपत्र भरण्याची मुदत सहसा 31 जुलैला संपते आणि त्या सुमारास आकाशात ढग आणि मोबाईलमध्ये रिफंडचे मेल दाटून येतात. वहिनींना रुपये 15,490 मंजूर झाले होते. या आकड्याचे मला व्यावसायिक कौतुक वाटले. पंधरा हजार म्हटले असते तर कोणीही संशय घेतला असता. चारशे नव्वदमुळे असे वाटते की कोण्या बिचाऱ्या कारकुनाने खरोखर बसून बेरीज केली असावी.

खाली एक लिंक होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी वाचून पाह्यलं न, इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन असंच लिहून आहे." तसे ते होतेही. फक्त त्याच्यापुढे आणखी एक टिंब होते, मग रिफंड हा शब्द, मग एक आडवी रेघ, काही अक्षरे, आणि शेवटी 'डॉट टॉप'. आपण सारे डावीकडून उजवीकडे वाचतो आणि ओळखीचे नाव दिसले की थांबतो. ठकाने नेमके त्याच ठिकाणी आपल्यासाठी बाक टाकून ठेवलेला असतो. वेबसाईटचा मालक मात्र उजवीकडे असतो. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधावी, तिथून मागे यावे, आणि तिच्या लगेच अलीकडचे दोन-तीन तुकडे वाचावेत. घर त्यांच्या नावावर आहे, त्यांच्याही डावीकडची सगळी नुसती पाटी. खऱ्या आयकर विभागाच्या पत्त्यात त्या जागी 'गव्ह डॉट इन' असते, आणि हे शेपूट सरकारी संस्थांखेरीज कोणाला मिळत नाही. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने आता 'बँक डॉट इन' हे स्वतंत्र शेपूट ठरवून दिले असून 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत साऱ्या बँकांनी त्यावर यावे असे फर्मावले होते. मोबाईलवर लिंक उघडायची नसते, तिच्यावर बोट टेकवून ठेवायचे असते. मग तिचा खरा पत्ता वर येतो. हे दाखवताना वहिनींनी स्वतःचे बोट दिले नाही, माझे वापरले.

याउप्पर, 'आर' आणि 'एन' ही लहान इंग्रजी अक्षरे चिकटून लिहिली की ती 'एम' दिसतात, हा एक निराळाच जाच आहे. त्यावर माझ्याकडे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेखेरीज उपाय नाही. तेव्हा वहिनींना शेवटी कायद्याचा आधार दिला : आयकराचा रिफंड पोर्टलवर आधी पडताळलेल्या बँक खात्यातच जमा होतो, त्यासाठी कोणी लिंक पाठवत नाही आणि कार्डाचा पिन विचारत नाही. वहिनींना ते पटले. पण 15,490 रुपये हातचे गेल्याचे दुःख त्यांच्या चेहऱ्यावर राहिलेच, आणि ते माझ्यामुळे गेले अशी त्यांच्या घरात एक भावना आहे.

लोभाचे मेल पावसाळ्यात येतात, तर भीतीचे उन्हाळ्यात. 'मागील महिन्याचे देयक अद्ययावत न झाल्याने आज रात्री 9.30 वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल' हा मजकूर पुण्यात किंवा नाशकात वाचणाऱ्याला त्रासदायक वाटत असेल. नागपुरात मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पलीकडे गेलेला असताना, तो फाशीच्या आदेशासारखा वाचला जातो. वीज म्हणजे दिवे असे इथे कोणी समजत नाही. वीज म्हणजे कूलर. ज्या गृहस्थाला तो मेल आला होता ते भर दुपारी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, माझ्याकडे धावत आले. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 56 अन्वये थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी किमान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि रात्री साडेनऊची वेळ सांगून तार कापायला येणारा माणूस कायद्याला ठाऊक नाही, हे मी त्यांना सविस्तर सांगू लागलो. ते म्हणाले, "ते कलम जाऊ द्या भाऊ, कूलर राहील का जाईल तेवढं सांगा." राहील, असे सांगितल्यावर ते निघून गेले. कलमाचा उत्तरार्ध माझ्याजवळच राहिला.

घाई ही या सगळ्या प्रकारांची एकच सामाईक खूण आहे, आणि तिच्यापुढे बाकीच्या खुणा मला दुय्यम वाटतात. आजच, दोन तासांत, शेवटची संधी. ज्यांच्याशी माझा आयुष्यभर संबंध आला त्या कचेऱ्यांपैकी एकीनेही कधी माझ्या कामाची इतकी घाई केल्याचे स्मरत नाही.

लाजेचा मेल मात्र फाटकाशी दाखवता येत नाही. माझे एक मेहुणे धरमपेठेहून मुद्दाम आले, चहा होईपर्यंत हवापाण्याचे बोलले, आणि बहीण स्वयंपाकघरात गेल्यावर हळूच म्हणाले की त्यांच्या 'एका मित्राला' एक मेल आला आहे. मित्राच्या संगणकाचा कॅमेरा कोणीतरी परभारे ताब्यात घेतला असून त्यावर मित्राचे खाजगी चित्रण झाले आहे, ते साऱ्या नातेवाइकांना पाठवायचे नसेल तर बिटकॉइनमध्ये पैसे भरावेत, आणि पुरावा म्हणून मेलाच्या विषयातच मित्राचा पासवर्ड छापलेला आहे. पासवर्ड खरा होता. तो मेहुण्यांच्या थोरल्या मुलीचे नाव आणि जन्मसाल यांचा होता, त्यामुळे मित्राची ओळखही पटली. त्यांच्या घरच्या संगणकाला कॅमेरा नाही. जुना जाडजूड मॉनिटर आहे आणि त्यावर क्रोशाचा रुमाल घातलेला असतो, तो लक्ष्मीपूजनाला तेवढा निघतो.

असे पासवर्ड कॅमेऱ्यातून मिळत नाहीत. कधीकाळी ज्या वेबसाईटवर नाव नोंदवले तिची वही चोरीला जाते आणि ठक तीच यादी घेऊन लाखो लोकांना एकच पत्र धाडतो. आपला पत्ता अशा चोरीत सापडला आहे का, हे पाहण्याची सोय ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने 2013 पासून फुकट करून ठेवली आहे. मेहुण्यांना पासवर्ड बदलायला सांगितले. त्यांनी विचारले, कशाने बदलू? धाकट्या मुलीचे नाव चालणार नाही, एवढे मी बजावले.

'यादीतून नाव काढा' या बटणाबद्दल वसाहतीत दोन पक्ष आहेत. माझे मत मधले आहे : ज्या दुकानातून आपण कधी काही घेतले आहे त्याच्या जाहिरातीला ते बटण दाबावे, आणि ज्याचे नावगाव ठाऊक नाही त्याला स्पॅम ठरवून फोल्डरात ढकलावे, कारण बटण दाबले की त्याला एवढेच कळते की पलीकडे माणूस जिवंत आहे. आमच्या सौभाग्यवतींनी याहून सरस युक्ती केली. जीमेलच्या पत्त्यात नावानंतर अधिकचे चिन्ह घालून काहीही लिहिले तरी मेल तुमच्याकडेच येतो, हे तिला भाच्याने सांगितले होते. बर्डीवरच्या एका साडीच्या दुकानात बिलासाठी पत्ता मागितला तेव्हा तिने आपल्या नावापुढे अधिक आणि साडी असे लिहून दिले. पुढे वैयक्तिक कर्ज, भूखंड आणि गुडघेदुखीचे तेल यांचे मेल त्याच 'अधिक साडी'च्या पत्त्यावर येऊ लागले. मला सबंध नोकरीत इतका निखळ पुरावा एकदाही मिळाला नव्हता. तो घेऊन दुकानात जाऊ या म्हणालो, तर ती म्हणाली की त्यांच्याकडे पैठणी बरी मिळते.

न मागता मेल धाडण्याच्या या उद्योगाचा मूळपुरुषही विक्रेताच होता. 3 मे 1978 रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुअर्क यांनी नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, सुमारे चारशे लोकांना एका फटक्यात पाठवली आणि त्याबद्दल त्यांना भरपूर बोलणी खावी लागली. मे महिना इथल्यासारखा तिकडेही तापदायक असावा.

पैसे गेलेच तर काय, हेही मला विचारतात. तपासनिसाची हद्द तिथे संपते. ताबडतोब 1930 हा क्रमांक फिरवावा, बँकेला कळवावे, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत पांगत जातात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-ड खाली अशा तोतयाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अर्थात तो सापडला तर.

एवढी तालीम झाल्यावर काका पक्के तयार झाले, आणि नेमका तेव्हा त्यांना त्यांच्या बँकेचा मेल आला. बँकेचे नाव सांगत नाही. 'प्रिय ग्राहक' अशी सुरुवात, केवायसी 48 तासांत अद्ययावत न केल्यास खाते बंद, खाली लाल रंगाचे बटण, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता बँकेशी सुतराम संबंध नसलेल्या कोण्या भलत्याच कंपनीचा. काकांनी एकेक खूण बोटावर मोजून दाखवली आणि माझ्याकडे शिष्याच्या अभिमानाने पाहिले. मीही 'बनावट' असा शेरा मारला. तरी मेलातल्या वाटेने न जाता आपल्या पायांनी शाखेत जाऊन विचारावे, या नियमाप्रमाणे आम्ही दोघे शाखेत गेलो. काउंटरवरच्या तरुण साहेबांनी मोबाईलवर नजर टाकली आणि सांगितले, "आमचाच आहे काका. करून टाका लवकर, उद्यापर्यंतच मुदत आहे."

काकांनी विचारले की मग हा दुसऱ्याच कंपनीच्या पत्त्यावरून काऊन आला? मेल पाठवण्याचे काम बाहेर दिले आहे, असे उत्तर मिळाले. नावाऐवजी 'प्रिय ग्राहक' काऊन? सगळ्यांना एकच जातो. ज्या बँकेच्या भिंतीवर, साहेबांच्या डोक्याच्या बरोबर वर, 'अनोळखी लिंकवर क्लिक करू नका' असा फलक लावलेला होता, तीच बँक आपल्या ग्राहकांना अनोळखी लिंकवर घाईने क्लिक करण्याचा सराव देत होती. ठकांना याहून चांगली शिकवणी पैसे देऊनही लावता आली नसती, असा शेरा मी मनातल्या मनात नोंदवून ठेवला.

"मले नाही करायचं ते," काका म्हणाले. "कागदाचा फॉर्म द्या, इथंच भरतो." छापील फॉर्म संपले होते. साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी फॉर्मची पीडीएफ त्यांच्या संगणकावरून तिथल्या तिथे काकांना मेल केली आणि बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणा म्हणाले. आम्ही बाकावर बसून वाट पाहिली. मेल येईना. साहेबांनी पुन्हा पाठवला, तरी येईना. शेवटी त्यांनीच काकांना स्पॅमचे फोल्डर उघडायला सांगितले. दोन्ही मेल तिथे होते आणि वर सावधगिरीची पट्टी होती, की हा संदेश धोकादायक असू शकतो.

"काही नाही होत काका, उघडा तुम्ही," साहेब म्हणाले.

काकांनी मोबाईल काचेच्या फटीतून आत सरकवला. "पहिले तुम्ही उघडा."